रणभूमी टेबलावर कशी उतरते?

वॉरगेमिंगचं टेबल पहिल्यांदा पाहणारा माणूस थोडा वेळ वाकून वाकून बघतो आणि मग हमखास एक प्रश्न विचारतो : सैनिक सुरेख आहेत, फाशांचंही समजलं, पण त्यांच्याखाली ही डोंगर-नद्यांची एवढी मांडामांड कशासाठी? फरशीवर खडूच्या रेघा ओढूनही खेळ होईल की!

ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे त्यांना याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरायची आणि शेवटी मातीचे मावळे मांडायचे. मावळे मांडताना भावंडांत वाद ठरलेला. एक म्हणणार, पहारेकरी बुरुजावर ठेवू. दुसरा खाली बसून, गाल जमिनीला टेकवून बघणार आणि म्हणणार, "अरे, इथून त्याला दरवाजा दिसतच नाही!" त्या एका वाक्यासरशी शोभेचा किल्ला खेळाचा पट होतो. कुठून काय दिसतं, कुठून कुठे जाता येतं आणि कुठे लपता येतं, हे तिथे जमीन सांगू लागते. या प्रकरणात आपण असा एक पट पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधणार आहोत.

१. जमिनीला विचारायचे तीन प्रश्न

आधी खेळ थोडक्यात. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या तुकड्या. पाळी आली की तुकडी ठरलेलं अंतर चालते आणि हे अंतर टेपने मोजतात. मारा लागला की चुकला, हे फासे ठरवतात. बुद्धिबळात असतात तशी घरं इथे नसतात. त्यामुळे चालीला बांध घालण्याचं काम जमिनीलाच करावं लागतं.

टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला म्हणून तीन प्रश्न विचारायचे असतात. हिच्यावरून चालता येतं का आणि किती वेगानं? हिच्या पलीकडचं दिसतं का? हिच्याआड उभं राहिलं तर गोळीपासून बचाव होतो का? म्हणजे चाल, नजर आणि आडोसा. उभ्या ज्वारीच्या शेतातून चाल थोडी मंदावते, पलीकडचं दिसत नाही, पण गोळी अडत नाही. मातीच्या भिंतीला चाल थांबते, गोळीही थांबते, पण भिंत कंबरेइतकी असेल तर नजर पलीकडे जाते. नदी चाल अडवते, नजर अजिबात अडवत नाही. तीन वस्तू, तीन वेगळे स्वभाव. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही खेळाडूंनी बसून हे स्वभाव ठरवून घ्यायचे असतात.

पाहण्याची प्रतिकृती आणि खेळण्याचा पट यांत फरक पडतो तो इथे. विल्यम सायबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणांगणाची प्रचंड प्रतिकृती केली. त्यासाठी तो कित्येक महिने रणांगणावर राहिला, तिथली जमीन मोजली, आणि १८३८ मध्ये लंडनमध्ये ती लोकांना दाखवली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्यावर हजारो धातूचे सैनिक आहेत, पण ते जिथे लावले तिथेच कायमचे आहेत. ती लढाईचा एक क्षण धरून ठेवते. आपल्या टेबलाला मात्र अजून न घडलेले सगळे क्षण झेलायचे आहेत. त्यावर हात पोहोचला पाहिजे, सैनिक न घसरता उभा राहिला पाहिजे आणि चुकून कोपर टेकलं तर टेकडी मोडता कामा नये.

२. एका टेबलावर दोन मापं

आता या छंदातली सगळ्यात गोंधळाची गोष्ट बघू. ती समजली की पुढचं सोपं आहे.

दुकानात सैनिक घ्यायला गेलं की '२८ मिलिमीटर', '१५ मिलिमीटर', '६ मिलिमीटर' असे आकडे ऐकू येतात. ही सैनिकाची उंची. सुमारे १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १५ मिलिमीटरमध्ये बसवला, तर माप झालं १ : ११०. तोच २८ मिलिमीटरमध्ये बसवला तर साधारण १ : ६०. याला सैनिकाचं माप म्हणू.

हेच माप जमिनीलाही लावलं तर काय होईल? जुन्या बंदुकीचा खरा परिणामकारक टप्पा शंभर मीटरच्या आसपास होता. १ : ६० या मापाने शंभर मीटर म्हणजे टेबलावर १६७ सेंटिमीटर. सहा फुटी टेबल आहेच १८३ सेंटिमीटर लांब. म्हणजे खेळ सुरू झाल्याझाल्या समोरासमोरचे जवळपास सगळे सैनिक एकमेकांच्या टप्प्यात! फौज एक मैल पसरलेली असेल तर त्या एका मैलाला सुमारे २७ मीटर लांबीचं टेबल लागेल. ते मंगल कार्यालयातही जेमतेम बसेल.

म्हणून जमिनीला वेगळं, पुष्कळ लहान माप देतात. नकाशात आपण हे रोज पाहतो. राज्याच्या नकाशावर रस्त्याची रेघ असते, ती खऱ्या मापाने मोजली तर रस्ता शेकडो मीटर रुंद निघेल. तरी आपण फसत नाही, कारण रेघेची लांबी मापात असते आणि जाडी फक्त दिसण्यापुरती असते. टेबलावरही हाच करार असतो. अंतरं जमिनीच्या मापाने, वस्तूंचं रूप सैनिकाच्या मापाने.

उदाहरण घेऊ. जमिनीचं माप १ : २००० ठेवलं. टेबलाची लांबी सहा फूट म्हणजे सुमारे ३.६६ किलोमीटर आणि रुंदी चार फूट म्हणजे २.४४ किलोमीटर. शंभर मीटरचा बंदुकीचा टप्पा ५ सेंटिमीटर. सहाशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी आहे, म्हणजे एका रांगेत तीनशे. माणशी ५५ सेंटिमीटर जागा धरली तर पलटणीची रुंदी १६५ मीटर, टेबलावर सव्वाआठ सेंटिमीटर. १५ मिलिमीटरचे सैनिक साधारण सेंटिमीटरला एक बसतात. म्हणजे आठांच्या दोन रांगा, एकूण सोळा. एक सैनिक सदतीस-अडतीस माणसांच्या वतीने उभा आहे.

हाच हिशेब घरांना लागू होतो. त्या मापाने गावाला मिळालेली जागा तळहाताएवढी. त्यात सैनिकाच्या मापाची तीन-चार घरंच बसतात. ती घरं मोजायची नसतात. "इथे गाव आहे" एवढंच ती सांगतात.

३. रणांगण निवडू : असई, १८०३

काल्पनिक जमिनीवर कितीही छान खेळता येतं. पण खरी लढाई घेतली की जमीन शिकवू लागते, म्हणून आपण मराठवाड्यातलंच एक रणांगण घेऊ. असई आज जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. जगभरचे वॉरगेमर ही लढाई आवडीने मांडतात आणि त्याचं मोठं कारण तिची जमीन आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला केळणा नदी, उत्तरेला जुई नदी. दोन्ही पूर्वेकडे वाहत एकमेकींना मिळतात आणि त्यांच्यामध्ये जिभेसारखी निमुळती होत जाणारी जमीन उरते. मराठी फौजेचं कवायती पायदळ, सुमारे १०,८०० शिपाई, पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली केळणेच्या काठी दक्षिणेकडे तोंड करून उभं होतं. सोबत शंभराच्या आसपास तोफा आणि मोठं घोडदळ. समोरचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, मराठ्यांच्या ताब्यात. दुसरा उतार जवळपास नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलेलं.

त्याने पूर्वेकडे जाऊन पाहिलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी येतात. त्याने अंदाज बांधला : दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे माणसं इकडून तिकडे जात-येत असणार, म्हणजे इथे उतार असणारच. होताही. तिथून फौज पार करून तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर निघाला.

पोलमनने यावर जे केलं ते कवायतीचं उत्तम उदाहरण आहे. त्याने ती सगळी रांग काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. डावं टोक जुईकाठच्या असई गावाशी, उजवं टोक केळणेशी. दोन्ही बगला नद्यांनी राखलेल्या, वळसा घालायला वाट नाही. वेलस्लीच्या उजवीकडची ७४वी हायलँडर पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि गावातल्या व रांगेतल्या माऱ्याखाली जवळजवळ संपली. दिवस अखेरीस त्याने जिंकला, पण १,५८४ माणसं मृत, जखमी किंवा बेपत्ता अशी किंमत देऊन.

या हकिकतीतून टेबलासाठी काय लागतं ते वेचू. दोन नद्या, त्यांच्यामधली जीभ, तटबंदीचं असई गाव, नदीकाठची दोन गावं आणि उतार. एवढंच. मराठ्यांची नवी रांग सुमारे एक मैल होती. १ : २००० ने ८० सेंटिमीटर. टेबलाची रुंदी १२२ सेंटिमीटर. म्हणजे रांग दोन नद्यांमध्ये नेमकी बसते आणि बाहेरच्या काठांना चाळीसेक सेंटिमीटर उरतात. माप जुळलं. बाकीची वाडी, पायवाट, विहीर यांतली जी वस्तू चाल, नजर किंवा आडोसा यांपैकी काहीच बदलत नाही, ती हौसेखातर असावी, पण दाटी करू नये.

४. पाया : सहा फळ्या

सहा बाय चार फुटांचं एकसंध टेबल दारातून आत जात नाही आणि पलंगाखालीही मावत नाही. म्हणून दोन बाय दोन फुटांच्या सहा फळ्या कराव्यात.

तुकड्यांची ही कल्पना या खेळाइतकीच जुनी आहे. प्रशियातल्या गेऑर्ग फॉन राइसवित्झ या सल्लागाराने आपला युद्धखेळ आधी ओल्या वाळूवर करून दाखवला. राजाला दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने लाकडी टेबल करून घेतलं आणि त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते असलेल्या सुट्या चौकोनी लाद्या मांडल्या. १८१२ मध्ये हे टेबल राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला अर्पण झालं. लाद्या हलवल्या की नवं रणांगण तयार. पुढे त्याच्या मुलाने १८२४ मध्ये लाद्या सोडून सैन्याचे खरे नकाशे वापरले, कारण अधिकाऱ्यांना खऱ्या मुलखाचा सराव हवा होता. आपण आज दोघांचंही घेतो : नकाशा खरा आणि फळ्या सुट्या.

सुट्या फळ्यांची ताकद किती, ते बघा. नदी नसलेल्या सहा वेगवेगळ्या फळ्या असतील तर त्यांची जागा ७२० प्रकारे बदलता येते. प्रत्येक फळी चार दिशांना फिरवता येते, म्हणजे आणखी ४,०९६ प्रकार. गुणाकार २९,४९,१२०. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर तीच वाटणारी मांडणी वेगळी मोजली नाही, तरी पावणेपंधरा लाखांच्या आसपास रणांगणं उरतात.

प्रत्येक फळीला खाली ९ मिलिमीटर प्लायवुड, त्यावर ५० मिलिमीटर जाडीची फोम शीट. एवढी जाडी लागते, कारण नदी खाली खोदायची आहे. पृष्ठभागावर निळी पट्टी रंगवली तर ती रस्त्यासारखी दिसते.

इथे नवख्यांची पहिली फजिती होते ती फळी वाकण्याची. पापड उन्हात वाळताना कडा का उचलतो? वरची बाजू आधी सुकते, आकसते आणि खालच्या बाजूला ओढते. फळीचंही तसंच. वरून डिंक, वाळू आणि रंगाचे ओले थर देतो, ते सुकताना आकसतात आणि फळीचे कोपरे उचलतात. उपाय दोन. प्लायवुडला खालून चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट मारायची आणि वरून जेवढे रंगाचे हात देऊ तेवढेच खालूनही द्यायचे, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते.

५. कापणं : नदी, काठ आणि चढ

फोम दोन प्रकारचा. थर्माकोल म्हणजे फुगवलेल्या मण्यांचा, कापला की मणी सुटतात आणि घरभर होतात. दुसरा एक्सपीएस, इमारतींत उष्णता रोखायला वापरतात तो गुलाबी किंवा निळा घट्ट फोम. तो लोण्यासारखा सफाईने कापला जातो, म्हणून फळीसाठी तोच चांगला. थर्माकोल नवा आणू नये. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तिच्यामागे कारणं आहेत. पण फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातून आलेले तुकडे कचऱ्यात जाण्याऐवजी टेकडीच्या पोटात गेले तर चांगलंच.

सहाही फळ्या आधी जमिनीवर घट्ट जोडून ठेवा आणि मगच खडूने दोन्ही नद्या एका दमात आखा. फळी-फळीवर वेगळी आखली तर सांध्यावर नदी तुटते. प्रत्येक फळीच्या खाली क्रमांक आणि उत्तर दिशेचा बाण लिहून ठेवा.

नदीची रुंदी किती? जमिनीच्या मापाने तीस मीटरची नदी दीड सेंटिमीटर होईल, म्हणजे ओघळ. सहा-सात सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे तिचा दरारा वाटतो. रस्त्याच्या रेघेचा करार इथेही चालतो.

कापायला धारदार कटर किंवा गरम तारेचं यंत्र. यंत्रात नायक्रोमची तार असते. वीज गेली की ती तापते आणि फोम वितळवत जाते. वितळवत, जाळत नाही, हे लक्षात ठेवायचं. धूर दिसू लागला तर तार जास्त तापली आहे. तो धूर छातीला वाईट, म्हणून खिडक्या उघड्या, तोंडावर मास्क आणि मुलं लांब.

काठ उभा कापायचा की उतरता? इथे पहिला धडा परत येतो. जिथे चाल अडवायची तिथे काठ उभा आणि तुटका ठेवा. जिथे उतार आहे तिथे तो घासून अलगद पाण्यापर्यंत आणा. पाटी न लावताही खेळाडूचं बोट त्या जागी आपोआप थांबतं.

टेकडीचा हिशेब असा. १५ मिलिमीटरचा सैनिक पलीकडे लपायचा तर टेकडी किमान दोन सेंटिमीटर हवी. जमिनीच्या मापाने हे झाले चाळीस मीटर. खरा उंचवटा दहाच मीटरचा असेल, म्हणजे मापाने अर्धा सेंटिमीटर. एवढ्याशा उंचवट्यामागे कोण लपणार? म्हणून उंची मुद्दाम वाढवतात. चढ मात्र सौम्य हवा. एक सेंटिमीटर उंचीला चार सेंटिमीटर लांबी धरली तर सैनिक उभे राहतात. याहून तीव्र झाला की घसरू लागतात. असईच्या टेबलावर टेकड्यांची गरज नाही. एक-दोन लांबट, अंगाला जाणवतील न जाणवतील असे उंचवटे पुरेत.

६. माती, रंग आणि गवत

फोमवर थेट स्प्रेचा रंग मारू नका. स्प्रेतलं द्रावण आणि थिनर फोम खाऊन टाकतात आणि दोन मिनिटांत फळीला खड्डे पडतात. आधी पाण्यात कालवता येणारा इमल्शन रंग आणि फेव्हिकॉल समप्रमाणात घेऊन जाड हात द्यायचा. त्याने फोमला कातडी येते. ती वाळली की पातळ फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू भुरभुरायची. दुसऱ्या दिवशी झटकली की जेवढी माती हवी तेवढी चिकटून राहते.

रंग गडदाकडून फिक्याकडे न्यायचा. आधी सगळीकडे काळपट तपकिरी. मराठवाड्याची जमीन काळी, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातल्या स्टेनरच्या ट्यूबा मिसळून काळ्याकडे झुकणारी छटा करा. मग 'ड्राय ब्रश' : फिका रंग ब्रशला लावायचा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश फळीवरून हलकेच फिरवायचा. खडबडीत भिंतीवर खडू आडवा घासला की उंचवटे पांढरे होतात आणि खळगे तसेच राहतात, अगदी तसं. एक मिलिमीटरच्या कणाची खरी सावली डोळ्याला पुरत नाही, म्हणून ती अशी रंगवून द्यावी लागते.

आणि रंग खऱ्या मातीपेक्षा एक पाऊल फिका ठेवायचा. त्याचं कारण पुन्हा मापात आहे. टेबलापासून डोळा ६० सेंटिमीटर वर असेल, तर सैनिकाच्या मापाने तो ६६ मीटर उंचीवर आहे आणि जमिनीच्या मापाने १,२०० मीटरवर. गडाच्या माचीवरून खालचं शिवार पाहिलं की मधल्या हवेमुळे ते फिकट दिसतं. ती मधली हवा आपल्या टेबलावर नसते, ती रंगात मिसळावी लागते.

गवतासाठी दोन वाटा. जुनी वाट म्हणजे हिरवा रंगवून वाळवलेला लाकडाचा बारीक भुसा. नवी म्हणजे दोन ते सहा मिलिमीटरचे नायलॉनचे तंतू. हे तंतू चाळणीसारख्या एका यंत्रातून भुरभुरतात. यंत्राचं एक टोक ओल्या डिंकात खोचलेलं असतं आणि तंतूंवर विजेचा स्थिर भार चढतो. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून जवळ नेला की केस उभे राहतात, त्याच न्यायाने तंतू उभेच्या उभे डिंकात रुततात. लढाई सप्टेंबर अखेरची, म्हणजे पाऊस उतरणीला लागलेला. हिरवा रंग भरपूर हवा. मराठवाडा म्हटलं की उन्हाळ्यातला पिवळा रंग हाताला येतो, त्याला आवर घाला.

पाणी शेवटी. नदीचा तळ मधोमध गडद आणि काठाला मातकट रंगवायचा. खोली डोळ्याला तिथूनच वाटते. पावसाळ्यातली नदी निळी नसते, हेही विसरू नये. वर चकचकीत वॉर्निशचे तीन-चार हात दिले तरी पाणी झालं. ओतायचं इपॉक्सी रेझिन अधिक सुंदर दिसतं, पण ते घट्ट होताना तापतं. म्हणून पातळ थरांत ओतायचं, प्रत्येक थर घट्ट झाल्यावरच पुढचा. सांध्यावर चिकटपट्टीचा बांध घालायला विसरलात तर नदी फरशीवर वाहील.

७. गाव, शेतं, झाडं

जमीन फळीला पक्की असावी आणि तिच्यावरचं सगळं सुटं, कारण पुढच्या महिन्यात याच फळ्यांवर दुसरी लढाई खेळायची आहे.

घरं मराठवाड्याची हवीत. बाजारात मिळणारी उतरत्या कौलांची घरं इथे शोभत नाहीत. जाड मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची माळवदाची घरं करा. ती करायलाही सोपी. पुठ्ठ्याची पेटी, वर कागदाचा लगदा आणि लांबीचा पातळ हात, आगपेटीच्या काडीचं दार. सपाट छपराचा खेळात उपयोगही आहे. त्यावर सैनिक उभे करता येतात. असई गावाच्या तळाला पुठ्ठ्याची एक चकती द्या आणि कडेने मातीची भिंत. चकतीच्या आत आहे तो गावात, बाहेर आहे तो उघड्यावर. वादाला जागा नाही.

शेतांसाठी काथ्याचं जुनं पायपुसणं कापा. ते उभं पीक हुबेहूब दिसतं. झाडाचं खोड सुतळीचा पीळ उकलून तारेवर गुंडाळलेलं, पानं भांड्यांच्या हिरव्या घासणीचे चिंधडलेले तुकडे. झाडाखालचा पाचोळा म्हणून चहाचा चोथा उत्तम, फक्त तो उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी येते. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे या खेळाचं पुस्तक लिहिलं. त्याचा मुलूखही घरातल्या लाकडी ठोकळ्यांचा आणि डहाळ्यांचा होता. घरातली वस्तू वेगळ्या नजरेने पाहणं हा या छंदाचा पाया तेव्हापासूनचा आहे.

८. टेबलाची परीक्षा

टेबल तयार झालं हे कसं ओळखायचं? आधी तीन साध्या तपासण्या करा. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो का? सगळ्यात अरुंद वाटेतून सव्वाआठ सेंटिमीटरची पलटण जाते का? आणि डोळे सैनिकाच्या उंचीला आणून, गाल टेबलाला टेकवून पाहिलं तर समोरची तोफ दिसते का? ही तिसरी तपासणी आपण दिवाळीच्या किल्ल्यावर शिकलो होतो.

त्यानंतरची परीक्षा माणसाची. ही लढाई ज्याला माहीत नाही असा एखादा मित्र बोलवा. त्याला वेलस्लीची बाजू द्या आणि उतार कुठे आहे ते सांगू नका. काठाला पाटी नको, बाण नको. फक्त दोन काठांवर दोन छोटी गावं समोरासमोर ठेवा आणि त्यांच्यामधला काठ थोडा घासलेला असू द्या.

तो बहुधा समोरच्या उतारावर जाईल, तोफा पाहील, थांबेल. मग टेबलाभोवती फिरेल. पूर्वेच्या फळीपाशी वाकेल आणि विचारेल, "ही दोन गावं अशी समोरासमोर का?" उत्तर देऊ नका. त्याला ते स्वतःच सापडू द्या. तो नदी पार करील, आणि मग पोलमनच्या जागी बसलेले तुम्ही सगळी रांग काटकोनात फिरवाल, डावं टोक असईच्या भिंतीला टेकवाल.